मागच्या रांगेतला बाजा

कुंभारी गावातल्या आणि गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या बचत गटांच्या ताया-मावश्यांनो, विड्या वळता वळता ऐकत असाल तर हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

वरातीच्या बँडमध्ये गाण्याची चाल वाजवणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पण एखाद्या बँडात मागं कुणीतरी पितळी नळी पुढं-मागं सरकवत असतो. त्या बाज्याचं नाव ट्रम्बोन. त्याची नळी उलगडली तर साधारण नऊ फूट भरते. या सरकत्या बाज्याला बोटांनी दाबायच्या कळा नसतात. ओठांची थरथर, फुप्फुसातला दम आणि हाताचा अंदाज, एवढंच भांडवल. नळी सरकवायच्या सात जागा असतात. त्यांच्यावर खुणा नाहीत, सूर कानानंच धरायचा. म्हणून तर त्यात माणसाच्या गळ्यासारखी मींड निघते.

परदेशातल्या मोठ्या वाद्यवृंदातही हा बाजा मागंच बसतो. बराच वेळ गप्प राहायचं, जोराची जागा आली की वाजवायचं.

जर्मनीत पॉल हिंडेमिथ नावाचे संगीतकार होते. हिटलरच्या राजवटीनं त्यांचं संगीत वाईट ठरवलं. १९३८ साली त्यांनी देश सोडला आणि १९४० मध्ये ते अमेरिकेत गेले. त्यांनी एक वेगळंच काम केलं. वाद्यवृंदातल्या जवळजवळ प्रत्येक वाद्यासाठी एकेक सोनाटा लिहिला. सोनाटा म्हणजे एकदोन वाद्यांसाठी लिहिलेली, काही भागांची रचना. ट्रम्बोन आणि पियानोचा सोनाटा १९४१ सालचा. त्याचे चार भाग आहेत, आणि तिसऱ्या भागाचं नावच मुळी भांडखोर गड्याचं गाणं!

आपल्या भजनात पेटी गाणाऱ्याच्या मागून जाते. इथं पियानो नुसती साथ करत नाही, त्याचंही स्वतःचं म्हणणं असतं. त्याच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचे सूर ठरलेले, मींड त्याला जमत नाही. ट्रम्बोनला ती जमते, पण त्याला दम घ्यायला थांबावं लागतं. तो थांबला की पियानो बोलणं पुढं नेतो. एकाचं उणं दुसरा भरून काढतो.

हे मी का सांगतेय? आपल्या बैठकीतही पुढची रांग आणि मागची रांग असते. अध्यक्ष बोलतात, सचिव लिहितात, बाकीच्या सह्या-अंगठे करतात. कर्ज कुणाला द्यायचं ते दोघी-तिघीच ठरवतात. मागं बसलेली हप्ता वेळेवर भरते, पण हिशोब तिला कुणी समजावून सांगत नाही. उद्या तिला कर्ज लागलं तर ती मागायलाही बिचकते.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करा. कधीच न बोललेल्या एका बाईला महिन्याचा जमा-खर्च मांडायला सांगा. वाचता येत नसेल तर शेजारणीनं आकडे सांगावेत, बोलावं मात्र तिनंच. ती अडली तर घाई करू नका. तिला दम घेऊ द्या. दर महिन्याला नवी बाई, वर्षात बारा जणी तयार होतील.

तुमच्या गटात काय झालं ते आम्हाला जरूर कळवा.