स्वागताध्यक्षीय भाषण : माजी वायुसेनाप्रमुख विवेक राम चौधरी यांची कारकीर्द

बुलढाणा येथे सैनिकी इतिहासाच्या या परिषदेसाठी आलेले अभ्यासक, माजी सैनिक आणि विद्यार्थी यांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. लखुजी जाधवांचे सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहे आणि जिजाऊंचा जन्म जेथे झाला, तेथे सैनिकी परंपरेची ओळख करून देण्याची गरज नाही. परंतु या परंपरेचा अभ्यास बहुधा घोडदळ आणि गडकोटांपाशीच थांबत असल्याने, परिषदेने एका वैमानिकाच्या कारकिर्दीला अग्रस्थान दिले हे सर्वथा उचित आहे.

नांदेड जिल्ह्यातील हस्तरा हे मूळ गाव असलेले एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून शिक्षण घेऊन २९ डिसेंबर १९८२ रोजी वायुसेनेच्या लढाऊ शाखेत दाखल झाले. मिग-२१, मिग-२९ आणि सुखोई-३० यांसारख्या विमानांवर त्यांनी ३,८०० तासांहून अधिक उड्डाण केले आणि सियाचिनमधील ‘ऑपरेशन मेघदूत’ तसेच १९९९ च्या कारगिल संघर्षातील ‘सफेद सागर’ या मोहिमांत भाग घेतला. वायुसेना पदक, अतिविशिष्ट सेवा पदक आणि परमविशिष्ट सेवा पदक हे त्यांचे सन्मान सर्वज्ञात आहेत. त्यांतील शेवटची दोन पदके रणांगणावरील शौर्यासाठी नव्हे, तर उच्च कोटीच्या सेवेसाठी दिली जातात, आणि त्या सेवेचे स्वरूप मात्र क्वचितच कोणी पाहते.

ते ‘अ’ श्रेणीचे उड्डाण प्रशिक्षक होते, तसेच उपकरणाधारित उड्डाणाचे, म्हणजे ढगांत वा अंधारात बाहेरचे काहीच दिसत नसताना केवळ कॉकपिटमधील मापकांच्या आधारे विमान चालविण्याच्या विद्येचे, शिक्षक व परीक्षक होते. ‘सूर्यकिरण’ या हवाई कसरतींच्या पथकाचे ते आरंभीच्या सदस्यांपैकी एक होते, आणि वायुसेना अकादमीचे उपप्रमुखपदही त्यांनी सांभाळले. पुढे पूर्व लडाखमधील तणावाच्या काळात, ऑगस्ट २०२० पासून, लडाखचे आकाश ज्याच्या कक्षेत येते त्या पश्चिम वायुकमानाची धुरा त्यांच्याकडे आली आणि ३० सप्टेंबर २०२१ पासून तीन वर्षे ते वायुसेनाप्रमुख होते. त्यांच्या कार्यकाळात, ऑक्टोबर २०२२ मध्ये, क्षेपणास्त्रे, मानवरहित विमाने आणि तत्सम यंत्रणा हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी ‘वेपन सिस्टिम्स’ ही स्वतंत्र शाखा जाहीर झाली. स्वातंत्र्यानंतर वायुसेनेत प्रथमच अशी नवी कार्यकारी शाखा निर्माण होत होती.

चौधरी यांच्यासारख्या वैमानिक घडविणाऱ्यांच्या सेवेचा इतिहास लिहिला जावा, अशी समितीची कळकळीची इच्छा असून, विदर्भ-मराठवाड्यातील वायुसैनिकांच्या, विशेषतः प्रशिक्षक आणि तंत्रज्ञांच्या, सेवेच्या नोंदी गोळा करण्याचे काम परिषदेने याच अधिवेशनात हाती घ्यावे, अशी विनंती ती सर्व उपस्थितांना करते.