क्लच खोलताना आणखी एक काम

मंडळी, आज आम्ही तुमच्याशी मोटारीविषयी बोलणार आहोत. तुमच्यापैकी कुणाची स्वतःची जीप असेल, कुणी दुसऱ्याची गाडी चालवत असेल. ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांनीही ऐकावे. गाडी अडली की बाजार सगळ्यांचाच बुडतो.

आमच्याकडे एक जुनी जीप होती. जीप ही मूळची फौजेतली गाडी. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ सालापासून ती लष्करासाठी तयार होऊ लागली. पुढे ती आपल्या खेड्यापाड्यांत आली. आमच्या जीपचा क्लच घसरू लागला. इंजिन नुसते ओरडायचे, गाडी चढ चढेना. मेस्त्री म्हणाले, "प्लेट संपली." आम्ही म्हणालो, "प्लेट तेवढी बदला, बाकी खर्च नको." दोन दिवस गाडी गॅरेजात राहिली. मजुरी दिली आणि गाडी घरी आणली.

दोन महिनेसुद्धा झाले नाहीत. पेडल दाबून गिअर टाकला की आतून किंचाळल्यासारखा आवाज यायचा. रिव्हर्स गिअर करकर करीत पडायचा. एका बाजाराच्या दिवशी गाडीत टोमॅटो भरलेले होते आणि गिअर पडेचना. निम्मा माल गावातच नासला. मग पुन्हा गॅरेज, पुन्हा गिअरबॉक्स उतरवणे, पुन्हा तेवढीच मजुरी. बिघडलेली वस्तू निघाली केवढी, तर अंगठ्याच्या पेराएवढी! तिची किंमत मजुरीच्या मानाने काहीच नव्हती. मेस्त्रींना काय बोलणार? खर्च नको, असे आम्हीच सांगितले होते.

त्या वस्तूला पायलट बेरिंग म्हणतात. ती कुठे असते ते नीट समजून घेऊ या.

इंजिनाच्या मागच्या टोकाला एक जड लोखंडी चाक असते. त्याला फ्लायव्हील म्हणतात. क्लचप्लेट या चाकावर दाबून बसते. प्लेटीच्या मधून एक दांडा, म्हणजे शाफ्ट, गिअरबॉक्सात जातो. शाफ्टचे मागचे टोक गिअरबॉक्स धरून ठेवतो. पुढचे टोक कोण धरणार? त्यासाठी इंजिनाच्या क्रँकला मधोमध भोक असते. त्या भोकात पायलट बेरिंग बसवतात. जुन्या जीपमध्ये ते कांस्याचे नुसते कडे असते, त्याला बूश म्हणतात. काही गाड्यांत तिथे गोळ्यांचे किंवा सुयांचे बेरिंग असते.

घरचे जाते आठवा. खालच्या दगडात मधोमध मेख असते. मेख ढिली झाली की वरचा दगड डगमगतो आणि पीठ जाडेभरडे पडते. इथेही तसेच होते. बूश झिजला की शाफ्ट डगमगतो. गाडी उचलताना थरथरते, नवी प्लेट वाकडीतिकडी झिजते. बूश शाफ्टला धरून बसला, तर उलटाच त्रास. तुम्ही पेडल दाबता, पण शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतच राहतो. मग गिअर कसा पडणार?

आवाजावरून थोडाफार अंदाज करता येतो. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. पेडल सोडलेले असताना आवाज येतो आणि दाबले की थांबतो, तर बहुधा गिअरबॉक्सातले बेरिंग गेले. पेडलवर पाय पडताच आवाज सुरू झाला, तर रिलीज बेरिंगवर संशय घ्यावा. आणि पेडल पूर्ण दाबून गिअर टाकल्यावर आवाज आला, तर पायलट बेरिंग बघा. कारण तेव्हा शाफ्ट थांबलेला असतो आणि इंजिन फिरत असते. पायलटला खरे काम तेवढ्याच वेळी असते. पण हा अंदाजच. खोलल्यावर हाताने बघितल्याशिवाय खात्री धरू नका.

काम मेस्त्रीच करणार. तरी आपण जवळ उभे राहावे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली कुणी शिरू नये, घोडे लावावेत. क्लचमधली धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या प्लेटींत ॲस्बेस्टॉस असे, त्याची धूळ छातीला फार वाईट.

बूश काढायची एक युक्ती आम्ही तेव्हा पाहिली. मेस्त्रींनी भोकात ग्रीस ठासून भरले. बुशात जेमतेम जाईल असा गज घेतला, वर फडके धरले आणि हातोडीने ठोकले. ग्रीस बुशाच्या मागे गेले आणि त्याच्या दाबाने बूश आपोआप बाहेर सरकला! आम्ही बघतच राहिलो. नंतर मात्र सगळे ग्रीस पुसून काढावे लागते. ते प्लेटीवर उडाले तर नवा क्लचही घसरेल. गोळ्यांच्या बेरिंगला ही युक्ती नेहमी लागू पडत नाही, त्याला पुलर बरा.

नवा बूश कांस्याचा असेल तर रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावा. दुकानात जवळ लोहचुंबक धरून पाहावे. कांसे चुंबकाला चिकटत नाही. चिकटला तर तो बूश लोखंडाचा, तो शाफ्ट झिजवतो. शाफ्टच्या टोकावर नख फिरवून बघा. नख अडकले, म्हणजे टोकाला खाचा पडल्या आहेत. अशा शाफ्टवर नवा बूश टिकायचा नाही. गोळ्यांचे बेरिंग ठोकताना घाव बाहेरच्या कड्यावरच पडला पाहिजे, आतल्या कड्यावर पडला तर ते बसवतानाच खराब होते.

प्लेट बरोबर मधोमध बसवायला तसाच जुना शाफ्ट वापरतात. तो नसेल तर सुताराकडून मापाचा लाकडी दांडा कातून घेतला तरी चालतो. गिअरबॉक्स चढवताना दोघांनी धरावा. तो शाफ्टवर लोंबकळला तर प्लेट वाकते आणि नवा बूशही दुखावतो.

सगळे बसले की मजुरी देण्याआधी स्वतः गाडीत बसा. इंजिन चालू करा, पेडल पूर्ण दाबा, क्षणभर थांबून रिव्हर्स टाका आणि कान देऊन ऐका.