थांबलेल्यांचा रस्ता

श्रोतेहो, मुंबई-आग्रा रस्ता हे नाव इंदूर, देवास, ग्वाल्हेर येथील मराठी घरांना परके नाही. सुमारे ११६० किलोमीटरांचा हा मार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ म्हणून ओळखला जाई. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले आणि त्याचे तुकडे निरनिराळ्या क्रमांकांत वाटले गेले. लोकांच्या तोंडी मात्र तो आग्रा रोडच राहिला. या रस्त्याने नाशिकहून ग्वाल्हेरला निघालेल्या एका वयस्क दांपत्याची ही हकीकत आहे.

बाईंचे माहेर ग्वाल्हेरचे, लष्कर भागातले. चाळीस वर्षे त्या माहेरी जात आल्या त्या आगगाडीने. रात्री नाशिकरोडला बसावे आणि दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेरला उतरावे, हा परिपाठ. आता भाऊ वारला होता, माहेरचे घर विकण्याचे ठरले होते आणि सहीसाठी जावयाचे होते. बाई म्हणाल्या, "अहो, या खेपेस मोटारीने जाऊ. आमची माणसं ज्या वाटेनं तिकडे गेली, ती एकदा तरी डोळ्यांनी पाहू द्या."

यजमान रस्तेबांधणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. गावाबाहेरून जाणाऱ्या बायपासचा त्यांना अभिमान होता, आणि तो अनाठायी नव्हता. शाळेच्या दारावरून मालमोटारी धावत असत ते दिवस त्यांनी पाहिले होते. त्यामुळे चांदवडला बाईंनी गाडी गावात घेण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी प्रथम घड्याळ पाहिले. अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल तेथे उभा आहे. बाईंनी तो पाहिला. यजमान दाराशीच थांबून राहिले.

पुढे धुळे मागे पडले, सेंधव्याचा किल्ला गेला, खलघाटाच्या पुलावरून नर्मदा ओलांडली. मुक्काम इंदुरास झाला.

दुसऱ्या सकाळी देवासचा फाटा आला तेव्हा यजमान म्हणाले, "अगं, प्रत्येक गावात शिरलो तर ग्वाल्हेर गाठायचे कधी?" बाई शांतपणे म्हणाल्या, "ग्वाल्हेरला पोचून मला करायचे ते काय? सहीच ना?" यावर ते काही बोलले नाहीत. गाडी गावात वळली.

देवास हे पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीचे गाव. एकाच गावात दोन संस्थाने नांदली. परंतु बाईंना पाहावयाचे होते ते टेकडीच्या पायथ्याचे 'भानुकुल'. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन देवासला आले. गाणे बंद झाले होते. त्यांच्या शुश्रूषेचा भार पत्नी भानुमतीबाईंनी वाहिला. त्या सक्तीच्या मौनात कानांवर पडलेली माळव्याची लोकगीते पुढे कुमारांच्या गायनात उतरली. भानुमतीबाई १९६१ साली गेल्या; घराला त्यांचेच नाव आहे. १९९२ साली मृत्यू येईपर्यंत कुमार देवासचेच राहिले. दोघे त्या घरासमोर काही वेळ उभे राहिले. परत गाडीत बसताना यजमान म्हणाले, "थांबावे लागले म्हणून हे झाले."

शिवपुरीला मात्र बाईंनी काही सांगण्यापूर्वीच त्यांनी गाडी आत घेतली. तात्या टोपे मूळचे आपल्या नाशिक जिल्ह्यातील येवल्याचे. त्यांना १८५९ साली १८ एप्रिलला येथे फाशी देण्यात आले, हे त्यांना ठाऊक होते. स्मारकापाशी दोघांनी हात जोडले.

संध्याकाळी ग्वाल्हेर आले. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी दिली. ती छावणी उठली नाही, तिचेच शहर झाले आणि नाव लष्कर हेच राहिले. बाईंच्या माहेरची माणसे अशीच केव्हातरी मुक्कामाला आली आणि येथलीच झाली. दुसऱ्या दिवशी सही झाली. बाईंनी देवघरातली समई तेवढी मागून घेतली आणि किल्ल्या नव्या मालकाच्या हाती दिल्या.

श्रोतेहो, बायपास आवश्यक आहेत. त्यांनी वेळ वाचतो आणि जीवही वाचतात. परंतु या रस्त्यावरची मराठी वस्ती कोणी नुसते पुढे धावल्याने झाली नाही. ती थांबलेल्यांनी वसवली. ज्याला घाई नसेल त्याने निदान एका गावात तरी गाडी वळवावी.

परतीच्या वाटेवर बाई म्हणाल्या, "आता सरळ घरी चला. थांबायचे असे काही उरले नाही." यजमानांनी मान डोलावली. देवासचा फाटा आला, तेव्हा त्यांनी काही न विचारता गाडी गावाकडे वळवली.