ओहमचं गणित आणि बाबांचा अँप

आजचा भाग एका माफीनाम्यापासून सुरू करतो. दोन वर्षांपूर्वी मी बाबांचा रिसीव्हर जाळला. बाबा रोज सकाळी त्यावर जुनी नाट्यगीतं लावायचे. हॉलमध्ये ६ ओहमचे दोन स्पीकर होते. आईला स्वयंपाकघरात गाणी ऐकू यावीत म्हणून मी तसलेच आणखी दोन आणले आणि त्यांच्या वायरी सरळ त्याच टर्मिनल्सना जोडल्या. आवाज मस्त आला. तासाभरात जळका वास आला आणि डावी बाजू गप्प.

काय झालं असेल? पाण्याच्या पाइपचा विचार करा. व्होल्टेज म्हणजे पाण्याचा दाब, करंट म्हणजे वाहणारं पाणी आणि ओहम म्हणजे वाटेतला अडथळा. अडथळा कमी केला की पाणी जास्त वाहणार. रिसीव्हरने २० व्होल्ट दिले, तर ८ ओहमचा स्पीकर अडीच अँपिअर ओढतो, म्हणजे ५० वॅट. तेच ४ ओहमवर ५ अँपिअर, १०० वॅट. ऐकायला फायद्याचा सौदा वाटतो ना? पण तो जास्तीचा करंट रिसीव्हरच्या आउटपुट ट्रान्झिस्टरमधून जातो, आणि तिथे उष्णता वाढते.

मी दोन स्पीकर समांतर, म्हणजे पॅरलल जोडले होते. एकसारखे दोन स्पीकर पॅरलल जोडले की ओहम निम्मे होतात. म्हणजे ६ चे झाले ३. रिसीव्हरच्या मागे स्वच्छ छापलं होतं: ६ ते १६ ओहम. मी ते वाचलंच नव्हतं.

तापकीर गल्लीतल्या एका काकांकडे पेटी घेऊन गेलो. त्यांनी फक्त विचारलं, "एका चॅनलला किती स्पीकर लावलेस?" मी मान खाली घातली.

त्यांच्याकडून शिकलो ते सांगतो. पहिलं, स्पीकरवर छापलेले ८ ओहम हा नाममात्र आकडा असतो. खरा इम्पीडन्स सुरानुसार बदलतो, कुठे ३० च्या वर, तर कुठे साडेसहापर्यंत. म्हणून मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर साडेपाच-सात दाखवला तर घाबरू नका, मीटर फक्त वायरच्या गुंडाळीचा डीसी रेझिस्टन्स मोजतो.

दुसरं, जास्त ओहमचा स्पीकर धोकादायक नाही. ४ ओहम चालणाऱ्या रिसीव्हरला ८ चा लावा, वॅट साधारण निम्मे मिळतील, पण कानाला फरक फार मोठा वाटत नाही. निम्मी पॉवर म्हणजे फक्त ३ डेसिबल. धोका उलट्या दिशेला आहे.

तिसरं, दोन स्पीकर लावायचेच असतील तर सिरीजमध्ये जोडता येतात: ६ अधिक ६, बारा. रिसीव्हर सुरक्षित, पण आवाज कमी होतो, आणि दोन्ही स्पीकर वेगळ्या जातीचे असले तर सूरही बिघडतो. रिसीव्हरला ए आणि बी अशी दोन आउटपुट असतील तर "ए + बी" समोरचा आकडा वेगळा वाचा. तो बहुतेक वेळा मोठा असतो, कारण आत दोन्ही जोड्या पॅरलल जातात.

आणि काही रिसीव्हरमध्ये ४ किंवा ६ ओहमचं सेटिंग असतं ना? ते बहुधा आतलं व्होल्टेज कमी करतं, म्हणजे तापणं आटोक्यात राहतं आणि पॉवरही घटते. त्याने पेटीत नवी ताकद येत नाही.

काकांनी ट्रान्झिस्टर बदलून दिले. मधले बारा दिवस सकाळी घर गप्प होतं. बाबा रागावले नाहीत, नुसते चहा घेऊन बंद रिसीव्हरसमोर बसायचे. ते जास्त लागलं.

आता स्वयंपाकघरात आईसाठी वेगळा छोटा ब्लूटूथ स्पीकर आहे, आणि रिसीव्हरला पुन्हा दोनच.

तर आज घरी गेल्यावर एक काम करा. रिसीव्हर बंद करा, मोबाइलचा टॉर्च लावा, मागचं लेबल वाचा आणि स्पीकरच्या पाठीवरचा आकडा बघा. स्पीकरचा आकडा रिसीव्हरच्या किमान आकड्याइतका किंवा त्याहून जास्त असेल, तर निश्चिंत गाणी ऐका. नसेल, तर कमेंटमध्ये दोन्ही आकडे लिहा, मिळून बघू. भेटू पुढच्या भागात!