साधना पचली पाहिजे



कीर्तन संपलं, आरती झाली, प्रसाद वाटून झाला, की एखादा जण मागे रेंगाळतो. गर्दी पांगण्याची वाट बघतो. मग जवळ येऊन हळूच विचारतो, "महाराज, प्राणायाम करतो रोज. पण हल्ली पाठीतून मुंग्या वर चढतात. टाळू तापते. छाती धडधडते. रात्र रात्र डोळा लागत नाही. कुंडलिनी जागी झाली का हो?"

विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं. कुणाच्या तोंडावर भीती असते, तर कुणाच्या तोंडावर भीतीच्या आड थोडा आनंद असतो, की बघा, आपल्याला काहीतरी लाभलं! दोघांनाही माझं उत्तर एकच. आणि ते उत्तर मी पुस्तकातून आणलेलं नाही, माउली. माझ्या अंगावरून गेलेलं आहे.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. गुरू नाही, कुणाला विचारणं नाही. दोन-चार पुस्तकं वाचली आणि सुरू झालो. पहाटे तीनला उठायचं, रिकाम्या पोटी भस्त्रिका, मग कुंभक. पुस्तकात दहा लिहिलेले असले तर मी शंभर करणार. जोडीला उपवास. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय उशाशी. त्यात माउलींनी कुंडलिनीचं जे वर्णन केलं आहे ते मी कसं वाचायचो? एस.टी.चं वेळापत्रक वाचावं तसं! आज आपण कोणत्या थांब्यावर आलो, उद्या कुठला येणार!

दोन महिन्यांत अंगाची दशा झाली. माकडहाडापासून काहीतरी सरसरत वर जायचं. बसल्या बसल्या खांदा उडायचा. डोकं चुलीवर ठेवलेल्या तव्यासारखं. उगाच रडू यायचं. चालताना पाय जमिनीला लागतात की नाही तेच कळेना. आई म्हणायची, "अरे, दोन घास खा." मी म्हणायचो, "तुला नाही कळायचं." माउली, त्या सगळ्या त्रासातलं सगळ्यात वाईट लक्षण कुठलं म्हणाल, तर ते हे. मुंग्या नव्हेत. आईला 'तुला नाही कळायचं' म्हणणं, हे!

आषाढी आली. घरच्यांनी ढकलून दिंडीत पाठवलं. आमच्या दिंडीचे विणेकरी म्हातारे होते, चार बुकं शिकलेले नव्हते. पहिल्याच मुक्कामाला मी त्यांच्यापुढे बसलो.

"बाबा, माझ्या मस्तकात काहीतरी चढलंय."

"जेवलास का?"

"नाही. चार दिवस दुधावर आहे."

"झोपलास?"

"झोप लागत नाही."

"मग आधी जेव. मग झोप. मग सांग काय चढलंय ते."

मला राग आला. मी समाधीचं बोलतोय आणि हे पिठलं-भाकरीचं बोलतायत! पण त्यांनी समोर बसवून जेवू घातलं. दिंडीतल्या एका आजीने तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासली, पार काळी होईपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून हुकूम सुटला: श्वास कोंडायचा नाही, डोळे मिटून एकटं बसायचं नाही. दिवसभर सगळ्यांबरोबर चालायचं आणि मुक्कामाला आलं की पाण्याचे हंडे वाहायचे, पातेली घासायची. नाम घ्यायचं ते मोठ्याने, चार माणसांत, टाळ वाजवत.

पंढरपूर आलं तेव्हा पायाखाली जमीन परत आली होती. पण खोटं कशाला सांगू? चमत्कार झाला नाही. परत आल्यावर बाबांनीच मला डॉक्टरांकडे धाडलं. पुरतं बरं वाटायला दिवाळी उजाडली.

आता हे होतं कशानं, ते ऐका. हठयोगप्रदीपिका हा योग्यांचाच ग्रंथ. त्यात स्पष्ट सांगितलं आहे, की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवावे लागतात, तसाच श्वास. घाई केली तर तो साधकालाच मारतो. आणि चुकीच्या अभ्यासाने काय काय होतं तेही तिथेच दिलं आहे: उचकी, दमा, खोकला, डोकं, कान आणि डोळे दुखणं. बघा, योगाच्या ग्रंथाने दिलेला इशारा आपण योगाच्या नादात वाचत नाही!

डॉक्टरांचं म्हणणंही समजून घ्या. जोरजोरात, भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो. मग बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, चक्कर येते, बोटं आखडतात, छाती धडधडते. त्यात पोट रिकामं आणि झोप नाही. मग दिव्यात तेल नसताना वात वर ओढल्यासारखं होतं. उजेड वाढत नाही, वातच जळते.

कुणी म्हणेल, "महाराज, मग कुंडलिनी खोटी का?" मी असं कधी म्हटलं? गोरक्षनाथांकडून गहिनीनाथांना, गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि निवृत्तिनाथांकडून ज्ञानदेवांना ही विद्या आली. पण आली कशी? समोर बसवून, शिष्याचं अंग-मन बघून. आणि ज्या सहाव्या अध्यायाचं मी वेळापत्रक केलं होतं, त्याच अध्यायात लगेच पुढे भगवंत काय सांगतात? फार खाणाऱ्याला योग नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि जागत राहणाऱ्यालाही नाही. खाणं, हिंडणं, काम, झोप, सगळं मापात असेल त्याचा योग दुःख घालवतो. मी कुंडलिनीच्या ओव्या वाचल्या आणि पुढचं पान उलटलंच नाही!

आणि माउलींच्या चरित्रातली मांड्यांची कथा तर तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. विसोबांनी कुंभारांना ताकीद दिली की यांना खापर द्यायचं नाही. मुक्ताई रडत घरी आली. तेव्हा ज्ञानदेवांनी काय केलं? अंगातला अग्नी चेतवला, पाठ तापून लाल झाली, आणि मुक्ताईने त्या पाठीवर मांडे भाजले!

मी ही कथा शंभरदा ऐकली होती. पण ते हंडे वाहताना मला ती कळली. अहो, योगाग्नी पेटला तो कशासाठी? भावाला दोन घास मिळावेत, बहिणीचे डोळे पुसले जावेत, म्हणून. माझा अग्नी पेटला तेव्हा मी आईचं ताट ढकललं होतं. हाच फरक, माउली. साधनेची आग घरातल्या चुलीला उपयोगी पडते का, एवढंच बघावं. पडत असेल तर ती साधना पचली. नाही तर तो ताप आहे, आणि तापाला उतारा लागतो.

मग उतारा काय? ज्याला असा त्रास होत असेल त्याने आजपासून श्वास कोंडणं, भस्त्रिका, कपालभाती बंद करावं. 'थोडं थोडं करून बघतो' असंही नको. पुरतं बंद. देव रागावत नाही. वेळेवर गरम जेवावं, वरण-भात-तूप, भाकरी. तूर्त उपास सोडावेत. चहा-कॉफी कमी करावी. सकाळ-संध्याकाळ पायी चालावं. अंगण झाडावं, झाडांना पाणी घालावं, भांडी घासावीत. रात्री तळपायाला तेल किंवा तूप चोळून वेळेवर पडावं. सरसर आली तर 'कुठवर गेली' म्हणून तिच्या मागे धावू नये. उठावं, पाय धुवावेत, कुणाशी तरी बोलावं. आणि नाम घ्यावं, पण आकडा मोजत, श्वास ताणत नव्हे. गळ्याला जेवढं झेपेल तेवढं, चारचौघांत. पुढे कधी प्राणायाम परत सुरू करायचा झाला, तर शिकवणारा जाणता माणूस समोर असल्याशिवाय नाही.

आणि हे नीट ऐका. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, शुद्ध हरपत असेल, तर त्याच वेळी दवाखाना गाठा. दोन-तीन रात्री झोपच नाही, कानात कुणी बोलतंय असं वाटतं, जीव नकोसा होतो, अशा माणसाला एकटं सोडू नका. हात धरून डॉक्टरांकडे न्या. गोळ्या चालू असतील तर साधनेच्या भरवशावर त्या सोडू नका. रक्तदाब, हृदयविकार, फिट येणं, हर्निया, पोटात बाळ, यांपैकी काही असेल तर हे जोराचे श्वास तुमच्यासाठी नाहीत. डॉक्टरकडे जाण्याने भक्ती कमी होत नाही.

घरच्यांनाही एक सांगणं. अशा माणसाची थट्टा करू नका आणि त्याची पूजाही करू नका. ज्ञानदेवांनी रागावून ताटी लावून घेतली, तेव्हा मुक्ताई दाराशी बसून समजावत राहिली. ताटी उघडेपर्यंत ती उठली नाही. घरात एक तरी मुक्ताई लागते.

आता पंढरीला जाल. तिथे काय दिसतं? आपला देव कसा उभा आहे? कमरेवर हात, दोन्ही पाय विटेवर सारखे टेकलेले. अधांतरी नाही, उडत नाही. अठ्ठावीस युगं पाय रोवून उभा आहे! आणि आपण तिथे जाऊन काय करतो? सगळं काही जिथे चढलेलं असतं ते आपलं डोकं उतरवून त्या पायांवर ठेवतो. डोक्यातलं पायांशी उतरवायचं, याहून मोठा योग मला माहीत नाही.

तेव्हा जेवा, चाला, झोपा, नाम घ्या. घरी गेल्यावर आईने पान वाढलं असेल तर पाटावर बसा. साधना तिथून सुरू होते.

रामकृष्णहरी!