हातातील धन आणि आपले धन

(मंडळाच्या मिहान येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून गावोगावच्या शाळांतून मुलांकडून पाढे पाठ करून घेण्यात आमची हयात गेली. बेरीज-वजाबाकीपलीकडचे गणित आम्हांस येत नाही. परंतु आज जे सांगावयाचे आहे, त्यास तेवढे गणित पुरेसे आहे. किंबहुना ज्यांची हकीकत सांगावयाची, त्यांचा घात वजाबाकी न केल्यामुळेच झाला.

विषय सुचला तो काल सायंकाळी. मुलांच्या करमणुकीच्या कार्यक्रमात आपल्यातील एका लहानग्याने 'अलबेला' चित्रपटातील भगवानदादांच्या नाचाची हुबेहूब नक्कल केली. टाळ्यांचा कडकडाट झाला, आम्हीही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र मनात आले की, ज्या नाचाने आज तिसरी पिढी खुलते, तो नाचणाऱ्याचे पुढे काय झाले, हे या मुलांना कोणी सांगितले आहे काय?

भगवान आभाजी पालव हा मनुष्य जन्माने आपल्या विदर्भातला. १९१३ साली अमरावतीस त्यांचा जन्म झाला. वडील गिरणीत कामगार. मुंबईत मारामारीच्या स्वस्त चित्रपटांतून कामे करीत करीत त्यांनी स्वतःची चित्रसंस्था काढली, चेंबूरला स्टुडिओ उभारला आणि १९५१ साली 'अलबेला' काढून सारा देश नाचायला लावला. निर्माता तेच, दिग्दर्शक तेच, नायकही तेच. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या प्रत्येक वारास एक अशा सात मोटारी त्यांच्या दारी होत्या, असे सांगतात. पुढचे चित्रपट तसे चालले नाहीत. 'हंसते रहना' या चित्रपटात त्यांनी होते नव्हते ते ओतले, तो पुराच झाला नाही. स्टुडिओ गेला, बंगला गेला, मोटारी गेल्या. दादरच्या चाळीतील दोन खोल्यांत ते राहावयास आले आणि दुसऱ्यांच्या चित्रपटांत क्षणभर दिसणारी कामे करून दिवस काढू लागले. वैभवाच्या काळातील मित्र पांगले. संगीतकार सी. रामचंद्र, नट ओमप्रकाश, गीतकार राजेंद्र कृष्ण अशी मोजकी माणसे चाळीचा जिना चढत राहिली. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादा वारले.

त्याच्या तीनच आठवडे आधी, १५ जानेवारी २००२ रोजी, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर गेल्या. तमाशाची ही सम्राज्ञी. १९५७ आणि १९९० अशी दोन वेळा राष्ट्रपतींच्या हस्ते पदके मिळवलेली. अखेरच्या आजारात औषधपाण्याचा खर्चही लोकांच्या मदतीवर चालला होता. आणि चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके? विम्याच्या पॉलिसी आणि पत्नीचे दागिने गुंतवून १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला आणि १९४४ साली नाशिकला विपन्नावस्थेत डोळे मिटले. त्यांच्या नावाचा मोठा पुरस्कार सरकारने १९६९ पासून सुरू केला.

आपण म्हणाल, ही सारी माणसे उधळी, व्यसनी असतील. येथेच थोडे थांबावे, अशी आमची विनंती आहे. बालगंधर्वांचे उदाहरण घ्या. १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. रंगभूमीवर पात्राच्या अंगावर खरा शालू हवा, नाट्यगृहात अत्तराचा घमघमाट हवा, साथीस थिरकवाँसाहेबांसारखे तबलजी आणि कादरबक्षांसारखे सारंगिये पगारावर हवेत, हा त्यांचा हट्ट. १९२० साली 'द्रौपदी' नाटक आले, त्यातील देखाव्यांचा थाट जाणते लोक पुढे कितीतरी वर्षे वर्णन करीत. १९२१ च्या सुमारास मंडळी कर्जात बुडालेली होती. आणि त्याच साली केशवराव भोसल्यांसमवेत 'संयुक्त मानापमान' करून त्याचे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास दिले, तेही याच नारायणरावांनी. ते कर्ज कष्टाने फेडले, तो पुन्हा नवे चढले. १९३१ साली हिंदी आणि १९३२ साली मराठी बोलपट आला व नाटकाचा प्रेक्षक तिकडे वळला. १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात त्यांनी एकनाथांचे काम केले, पण जीव रमला नाही. ते रंगभूमीवर परतले. १९६४ साली पद्मभूषण मिळाले, १९६७ साली देहावसान झाले. अखेरची वर्षे आर्थिक ओढग्रस्तीत आणि पांगळेपणात गेली.

आता सांगा, हा पैसा त्यांनी कोणावर उधळला? तुमच्या-आमच्या आज्या-पणज्यांच्या डोळ्यांचे पारणे फिटावे, म्हणूनच की नाही? तेव्हा या थोरांची कीव करण्याचा अथवा त्यांना दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही. मात्र त्यांच्या हिशेबात चूक कोठे झाली, हे पाहणे आपले कर्तव्य आहे. कारण तीच चूक आपल्या घरात शिरली आहे.

आमच्या अल्पमतीस त्या चुका तीन दिसतात.

पहिली चूक अशी की, हाती आले ते सारे आपलेच, असे मानले. मास्तरकीच्या सवयीने फळ्यावरचे उदाहरण देतो. कलावंतास शंभर रुपये ठरले. देणाऱ्याने दहा रुपये कर कापून नव्वद हाती ठेवले. कलावंत समजतो, कर फिटला. पण उत्पन्न मोठे असेल, तर वरच्या थरावरील कर शेकडा तीस आणि वर अधिभार. म्हणजे त्या नव्वदांतील वीसाहून अधिक रुपये सरकारचे असतात, ते केवळ मुक्कामाला आपल्या खिशात उतरलेले असतात. ते वर्षाच्या आतच हप्त्याहप्त्याने भरावयाचे असतात. न भरल्यास दरमहा शेकडा एक याप्रमाणे व्याज चढते. खरी गोम पुढेच आहे. नोटीस येते ती चलतीच्या वर्षाची आणि हाती पडते पडतीच्या वर्षात. तोवर पाहुण्याचे पैसे यजमानाने खाऊन टाकलेले असतात!

एके काळी करही डोळे फिरवणारे होते. १९७३-७४ साली दोन लाखांवरील उत्पन्नावर अधिभार धरून ९७.७५ टक्के कर होता. शंभरातले सव्वादोन रुपये उरणार, म्हणून चित्रपटसृष्टीत अर्धे कागदावर व अर्धे कागदाबाहेर असा व्यवहार फोफावला. त्यात आपण सरकारला फसवले, असे पुष्कळांस वाटले. पण कागदाबाहेरचा पैसा बुडाला, तर कोर्टात दाद मागता येत नाही. कागदावर उत्पन्न थोडे, म्हणून बँक कर्ज देत नाही. मग सावकाराच्या दारी जावे लागते. कर चुकवणारा शेवटी स्वतःलाच चुकवतो. उलट निर्मळ माणसासही कागद लागतोच. लता मंगेशकरांनी हिशेबाबाहेर पैसे घेतले, असा आक्षेप प्राप्तिकर खात्याने मद्रासच्या एका चित्रसंस्थेच्या वह्यांवरून घेतला होता. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि तेथे खात्याचा पुरावा अपुरा ठरून निकाल लताबाईंच्या बाजूने लागला. परंतु त्यासाठी किती पायऱ्या चढाव्या लागल्या, हे ध्यानात घ्या.

दुसरी चूक अशी की, हिशेब दुसऱ्याच्या हाती देऊन आपण निर्धास्त झाले. अमेरिकेतील विख्यात गायक विली नेल्सन यांच्या मालमत्तेवर १९९० साली तेथील कर खात्याने जप्ती आणली. मागणी दीड कोटी डॉलरांहून अधिक होती. कर वाचवण्यासाठी म्हणून सल्लागारांनी ज्या योजनांत त्यांचा पैसा गुंतवला, त्या खात्याने अमान्य केल्या होत्या. सल्ला दुसऱ्याचा, पण सही आणि देणे नेल्सन यांचे. त्यांनी रडगाणे गायले नाही. गिटार घेऊन एकट्याने ध्वनिमुद्रिका केली, तिचे उत्पन्न करापोटी लावले आणि पुढे तडजोडीने ऋणमुक्त झाले.

तिसरी चूक अशी की, धंद्याचा पैसा आणि घराचा पैसा यांत भिंत ठेवली नाही. चित्रपट पडणे हा व्यवसायातला भाग आहे. परंतु चित्रपटाबरोबर राहते घर पडले, की मनुष्य पुन्हा उभा राहत नाही.

या तिसऱ्या चुकीचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. तरुणपणी आमची नेमणूक झाडीपट्टीतील एका खेड्यात होती. धान घरात आले की तिकडे शंकरपट भरतो आणि रात्री नाटक होते. गावचे मंडळ वडशाची नाटक कंपनी ठरावीक रकमेस ठरवते, तिकिटे विकते; उरले तर मंडळाचे, बुडाले तरी मंडळाचे. एका वर्षी कंपनीच्या करारावर गावातील तिघांनी सह्या केल्या, त्यांत मास्तर म्हणून मानाची पहिली सही आमची. सही करताना गावकऱ्यांनी जयजयकार केला, तो कानास फार गोड लागला. नाटकाच्या रात्री अवकाळी पाऊस कोसळला. कंपनीने आपले पैसे मागितले. त्यात तिचा काय दोष? आमच्या वाट्यास दीड हजार रुपये आले, आणि तेव्हा ते दीड महिन्याच्या पगाराइतके होते. वर्षभर हप्ते भरले. जयजयकार करणाऱ्यांपैकी हप्ता भरण्यास कोणी आले नाही. त्यांनीही काही वाईट केले नव्हते. टाळी वाजवणाऱ्याने फक्त टाळी वाजवली होती.

ज्ञातिबांधवहो, या तिन्ही चुकांच्या मुळाशी ही टाळीच आहे. टाळ्यांच्या आवाजात वजाबाकी ऐकू येत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. ज्या २००२ साली विठाबाई आणि भगवानदादा गेले, त्याच साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि मिहानचे काम तिच्याकडे आले. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांची नावे आपणांस नवी नाहीत. आपल्या कित्येकांची सोयरीक तेथली. जेथे संत्री आणि कापूस पिकत होता, तेथे आज संगणकाच्या कचेऱ्या आहेत, विमाने दुरुस्त होतात, एम्ससारखे रुग्णालय उभे आहे. जमिनीचा मोबदला ज्या घरांत आला, ती घरे एका दिवसात नटासारखी झाली. पिढ्यान् पिढ्यांची मिळकत एका धनादेशात आली, आणि हे 'नाटक' दुसऱ्यांदा लागणार नव्हते.

आमच्या माहितीतील एका घरची गोष्ट नाव न घेता सांगतो. मोबदला आला त्या वर्षी मुलीचे लग्न झाले. दोन हजार पाने उठली. चारचाकी आली, घरास संगमरवर बसला. भाच्याच्या धंद्यासाठी जामीनकीची सही झाली. मागाहून वाढीव मोबदला व त्यावरील व्याज मिळाले. त्या व्याजास कराचा वेगळा नियम असतो, हे नोटीस आल्यावर कळले. आज त्या घरी संगमरवर आहे आणि किराण्याची उधारी आहे. हा दोष त्या गृहस्थांचा, असे म्हणून आम्हांस मोकळे होता येत नाही. त्या लग्नात अक्षता टाकून "लग्न असावे तर असे!" म्हणणारे आम्हीच होतो. आणि त्याच वर्षी मंडळाने त्यांस पहिल्या रांगेत बसवून, देणगीचा आकडा ध्वनिक्षेपकावरून दोनदा वाचून, शाल-श्रीफळ दिले. टाळ्या आपल्याच होत्या.

म्हणून आजच्या सभेपुढे आमच्या तीन नम्र सूचना आहेत. एक, ज्या घरी मोबदला, निवृत्तीची रक्कम अथवा असाच एकगठ्ठा पैसा येईल, त्या घराकडे मंडळाने त्या वर्षी मोठी देणगी मागू नये. दोन, स्मरणिकेत देणगीदारांची नावे अवश्य छापावीत, पण आकडे छापू नयेत. पाचशे देणारा आणि पन्नास हजार देणारा एकाच टाइपात असावा. तीन, आपल्यातील जी मुले-मुली हिशेबतपासनीस झाली आहेत, त्यांनी वर्षातून एक रविवार मंडळासाठी द्यावा. ज्यास शंका असेल त्याने आपले कागद घेऊन यावे, आणि तेथील बोलणे तेथेच राहावे. मिहानच्या कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या आमच्या तरुणांसही हे लागू आहे. पगारातून कर कापला जातो, म्हणून निश्चिंत राहू नका. नोकरीबाहेर जे काम करता, त्याचा हिशेब तुमचा तुम्हीच ठेवावयाचा आहे.

काल नाचलेल्या त्या लहानग्यास आम्ही आज सकाळी जवळ बोलावले आणि बक्षिसाच्या शंभर रुपयांचे काय करणार, असे विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, कपडे भाड्याने आणले, त्याचे साठ द्यायचे आहेत. माझे चाळीसच."

त्याच्यासाठी काल वाजवलेल्या टाळ्या आम्ही आज पुन्हा एकदा वाजवतो, आणि आपली रजा घेतो.