जाहिरातीतली जमीन

१९५६ पर्यंत बालाघाट आणि गोंदिया या दोन्ही गावांची राजधानी नागपूर होती. पुढे राज्ये वेगळी झाली. परंतु सोयरीक, व्यापार आणि जमिनीची खरेदी यांनी ती सीमा फारशी मानली नाही. भरवेलीच्या मँगनीज खाणीतून किंवा मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतून निवृत्त होणारा कामगार भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आली की बालाघाटलगत एखादा भूखंड पाहू लागतो. त्याच्या आयुष्यातील बहुधा ती एकच मोठी खरेदी, आणि तिचा आरंभ होतो जाहिरातीने. त्या जाहिरातीच्या भाषेविषयी आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

निखळ असत्य अशा जाहिरातींत क्वचितच असते. ज्याला माप नाही असे सत्य मात्र पुष्कळ असते. ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ असे छापतात. ती पायी की मोटारीने, आणि रेल्वेचे फाटक उघडे असताना की बंद असताना, याचा खुलासा नसतो. ‘वैनगंगेच्या काठी रम्य वसाहत’ हे वर्णनही खरेच असते; पण २०२० च्या ऑगस्टअखेर हीच वैनगंगा काठच्या वस्त्यांत शिरली होती, हे त्या रम्यतेच्या हिशेबात धरलेले नसते. ‘प्रस्तावित रस्त्यालगत’ या शब्दांबद्दल तर काय बोलावे? प्रस्ताव कोणाचा, हे विचारले म्हणजे बहुधा विषय बदलतो.

मात्र या सर्वांपेक्षा महाग पडणारा शब्द आहे ‘डायव्हर्टेड’. गोंदियाकडील गृहस्थ तो वाचून ‘म्हणजे आपले एन. ए. झालेले’ असे समजतो आणि निश्चिंत होतो. डायव्हर्शन म्हणजे शेतजमिनीचा वापर निवासी अथवा अन्य कामासाठी बदलणे. मध्य प्रदेशच्या भू-राजस्व संहितेत २०१८ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून भूमिस्वामीने स्वतःच आकारणी करून रक्कम भरावी आणि उपविभागीय अधिकाऱ्यास सूचना द्यावी, एवढ्याने ते साधते. सोय चांगली आहे. पण त्या पावतीचा अर्थ इतकाच, की जमिनीचा वापर बदलला. वसाहतीचा नकाशा मंजूर झाला, रस्ते व नाल्या होणार, बागेची जागा मोकळी राहणार, यांपैकी काहीही त्या पावतीत नसते. वसाहतीच्या विकासाची परवानगी निराळी, नगर तथा ग्राम निवेश विभागाने मंजूर केलेला नकाशा निराळा. जाहिरातदार पहिला कागद दाखवितो आणि उरलेले दोन ग्राहकाच्या कल्पनेवर सोपवितो.

सदनिकांच्या बाबतीत हेच काम ‘सुपर बिल्ट-अप’ या शब्दाने केले. जिना, गच्ची, प्रवेशद्वार या सर्वांचा वाटा त्यात मिळविलेला. राहावयास मिळणारी जागा त्याहून बरीच कमी. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने, म्हणजे ज्याला आपण ‘रेरा’ म्हणतो त्याने, चटई क्षेत्राची व्याख्याच कायद्यात घातली.

याच अधिनियमाचे बारावे कलम प्रत्येक ग्राहकाने ध्यानी ठेवावे असे आहे. जाहिरातीतील, माहितीपत्रकातील किंवा नमुना सदनिकेतील चुकीच्या वर्णनावर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर प्रवर्तकाने भरपाई द्यावी. ग्राहकास व्यवहार सोडावयाचा असेल तर सर्व रक्कम व्याजासह परत करावी. म्हणून जाहिरातीचा तो कागद, भले तो चकचकीत आणि अतिशयोक्तीने भरलेला असो, जपून ठेवावा. रद्दीत जाणारा तो कागदच पुढे पुरावा होतो. शिवाय नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणे छापणे बंधनकारक आहे; आणि लेखी करार नोंदविल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम प्रवर्तकास घेता येत नाही.

केवळ भूखंड विकत घेणाऱ्याला ग्राहक न्यायालय विचारील काय, अशी शंका पूर्वी असे. जागेचा विकास करून देण्याचे आश्वासन असेल तर ती सेवाच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली नार्ने कन्स्ट्रक्शनच्या प्रकरणात सांगितले.

तथापि पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या लहान जागेवरील प्रकल्पास रेराची नोंदणी लागत नाही. एका माणसाने दुसऱ्यास आपला भूखंड विकला तर तेथेही रेरा येत नाही. तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा उपयोगी पडतो. साधारण दक्षतेने जो दोष खरेदीदाराच्या लक्षात येणार नाही, तो विक्रेत्याने सांगितला पाहिजे, असे त्याचे पंचावन्नावे कलम म्हणते. पण ज्या गोष्टी दक्षतेने कळण्याजोग्या आहेत, त्यांचा भार खरेदीदारावरच राहतो. कान्हाच्या मुक्की दरवाजाच्या वाटेवर ‘निसर्गाच्या कुशीत फार्महाऊस’ असे वाचून कोणी बैहरकडे जात असेल, तर त्याने आधी पटवाऱ्याकडे जाऊन खसऱ्यावरील नाव वाचावे. बैहर तहसील अनुसूचित क्षेत्रात मोडते. तेथील आदिवासी भूमिस्वामीची जमीन बिगर-आदिवासीच्या नावे होऊ शकत नाही, मग जाहिरातीत काहीही छापलेले असो आणि इसार कितीही दिलेला असो.